भायखळ्याचे महिला कारागृह : जागा, पाणी, अन्न आणि दाद

भायखळ्याच्या महिला कारागृहाचे परीक्षण करायचे, तर ते कोणत्या मापाने करायचे हे आधी ठरवावे लागते. तुरुंगातल्या गैरसोयींविषयी कोणी बोलू लागले की, ‘तिथे काय पाहुणचार हवा आहे का,’ असे विचारून विषय संपवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वास्तविक हे माप शासनाने स्वतःच लिहून ठेवले आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाची २०१६ची आदर्श कारागृह नियमावली माणशी किती जागा, किती पाणी आणि किती शौचालये असावीत हे आकड्यांत सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांसाठी सविस्तर निर्देश दिले. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१०मध्ये स्त्री-बंद्यांसाठी ‘बँकॉक नियम’ संमत केले. राज्याच्या कारागृह विभागाचे ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’ असे आहे. प्रस्तुत परीक्षणात याच मापांचा आधार घेतला असून, कारागृहाकडे चैनीची जागा म्हणून किंवा सूड उगवण्याची जागा म्हणून पाहण्याचे मी टाळले आहे. न्यायालयाने स्वातंत्र्य काढून घेतले की शिक्षा पूर्ण होते. त्यापुढे पाण्यासाठी तासन्‌तास थांबणे किंवा कोणाचा मार खाणे हा शिक्षेचा भाग नाही, असे मी मानते आणि कायदाही असेच मानतो.

भायखळा स्थानकापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, दाट वस्तीत हे ब्रिटिशकालीन आवार आहे. त्यात पुरुषांचे जिल्हा कारागृह आणि महिलांचे कारागृह अशा दोन व्यवस्था आहेत. मुंबईत अटक झालेल्या स्त्रियांना न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली की प्रामुख्याने इथेच आणले जाते. जन्मठेपेसारखी मोठी शिक्षा झालेल्यांची रवानगी सहसा पुण्याच्या येरवडा महिला कारागृहात होते. त्यामुळे भायखळ्यातील बहुसंख्य बंदिनी न्यायाधीन, म्हणजे ज्यांच्यावरील आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे अशा असतात. हे चित्र एकट्या मुंबईचे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातील एकूण बंद्यांपैकी ७५.८ टक्के न्यायाधीन होते. पुढची प्रत्येक गोष्ट वाचताना हे लक्षात असावे, कारण आपण ज्या स्त्रियांच्या झोपण्याच्या जागेविषयी आणि जेवणाविषयी बोलत आहोत, त्यांतील अनेकींना उद्या न्यायालय निर्दोष ठरवून घरी पाठवणार आहे.

प्रथम जागेचा विचार करू. या कारागृहाची मंजूर क्षमता २६२ आहे. आदर्श नियमावलीनुसार झोपण्याच्या बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे चाळीस चौरस फूट जागा हवी. एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेल्या कामगार वकील सुधा भारद्वाज आधी येरवड्यात आणि नंतर भायखळ्यात होत्या. डिसेंबर २०२१मध्ये जामिनावर सुटल्यानंतर त्यांनी मुलाखतींमधून सांगितले की, त्यांच्या विभागात पस्तीस जणींच्या जागेत एका वेळी पंचाहत्तर जणी होत्या, सगळ्या जमिनीवर चटया टाकून एकीला लागून एक झोपत आणि प्रत्येकीच्या वाट्याला शवपेटीएवढी जागा येई. सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी एक चटई धरली तर ती बारा चौरस फूट होते; नियमावलीने सांगितलेल्या जागेच्या एक तृतीयांशही नाही. संध्याकाळी बंदी झाली, म्हणजे बराकीला कुलूप लागले, की सकाळपर्यंत एवढ्या जागेतच राहायचे असते. पावसाळ्यातल्या ओल्या कपड्यांसह, तापाने फणफणलेल्या शेजारणीसह आणि रडणाऱ्या मुलासह ही रात्र काढायची असते.

गर्दीचा विचार आपण बहुतेक वेळा क्षमतेच्या टक्केवारीत करतो. राज्याच्या विधिमंडळात उत्तरे देतानाही टक्केवारीच दिली जाते. पण टक्केवारीतून कळत नाही ती गोष्ट अशी की, गर्दीमुळे बराकीतली प्रत्येक साधी गरज दुसऱ्या बाईच्या गरजेशी भांडू लागते. जेवणाला रांग, आंघोळीला रांग, शौचालयाला रांग आणि या रांगांमधून होणारी भांडणे, असे वर्णन भारद्वाज यांनी केले आहे. ही भांडणे मग बंदिनींच्या स्वभावाच्या खाती जमा होतात, आणि ‘बायकांचा तुरुंग सांभाळणे कठीण’ असे शेरे ऐकू येतात. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे. कोणत्याही वस्तीत साठ-सत्तर माणसांमागे मोजकेच नळ आणि मोजकीच शौचालये दिली तर भांडणे होणारच. मुंबईतल्या जुन्या चाळींच्या इतिहासाला हे नवीन नाही.

पाण्याबाबत आदर्श नियमावलीने दिवसाला माणशी १३५ लिटर हे प्रमाण ठेवले आहे. स्त्रियांच्या बाबतीत पाणी हा आरोग्याचा प्रश्न आधी असतो. मासिक पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात, पाण्याची व स्वच्छ आडोशाची गरज वाढते. बँकॉक नियमांपैकी पाचवा नियम याच गोष्टीविषयी आहे : सॅनिटरी पॅड विनामूल्य मिळाले पाहिजेत आणि नियमित पाणी मिळाले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने देशभरातील कारागृहांची पाहणी केली, तेव्हा स्त्री-बंद्यांना सॅनिटरी पॅड देणाऱ्या कारागृहांचे प्रमाण ४० टक्क्यांहूनही कमी आढळले. त्या तुलनेत मुंबईसारख्या शहरातले, महिलांसाठीच असलेले, स्वयंसेवी संस्थांची ये-जा असलेले कारागृह बऱ्या स्थितीत मानावे लागेल, आणि तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. तरीही वाटपाचा प्रश्न उरतोच. पॅड मिळणे हा हक्क असेल तर तो मागायला बराकीवर देखरेख ठेवणाऱ्या वॉर्डरपुढे उभे राहावे लागू नये आणि किती लागतात याचा हिशेब कोणी विचारू नये. ही अगदी साधी व्यवस्था आहे, तिला फारसा खर्चही येत नाही, आणि म्हणूनच तिच्या अभावाला सबब चालत नाही.

अन्नाच्या बाबतीत या कारागृहाची नोंद चांगली नाही. जुलै २०१८मध्ये इथल्या ऐंशीच्या आसपास बंदिनींना एकाच दिवशी मळमळ, उलट्या आणि पोटदुखीमुळे जे. जे. रुग्णालयात न्यावे लागले. त्यांच्याबरोबर एक तान्हे मूलही होते. अन्नाबरोबरच त्या सुमारास दिलेल्या प्रतिबंधक औषधांवरही तेव्हा संशय व्यक्त झाला. कारण कोणतेही धरले तरी एवढ्या मोठ्या संख्येने एकाच छपराखालच्या स्त्रिया आजारी पडतात, तेव्हा स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि औषधांचे वाटप या तिन्ही ठिकाणी रोजची तपासणी होते की नाही, हा प्रश्न विचारावाच लागतो. कारागृहातल्या जेवणाला बंदी मंडळी ‘भत्ता’ म्हणतात. हा भत्ता ठरलेल्या प्रमाणानुसार मिळतो, त्यात पोळी-भात-डाळ-भाजी असते, आणि ज्यांच्या खात्यावर घरून मनीऑर्डर येते त्यांना कॅन्टीनमधून बिस्किटे, फरसाण, साबण, तेल असे काही विकत घेता येते. ज्यांच्या घरून काहीच येत नाही, ज्यांना घरच्यांनी टाकले आहे, किंवा ज्या परराज्यातून वा परदेशातून आलेल्या आहेत, त्यांना भत्त्यावरच दिवस काढावे लागतात. आतल्या आत अशा रीतीने दोन थर तयार होतात, आणि खालच्या थरातली बाई वरच्या थरातल्या बाईचे कपडे धुऊन, भांडी घासून कॅन्टीनमधल्या वस्तू मिळवते. म्हणून रोजच्या जेवणाचा दर्जा सुधारणे हा कारागृहातली विषमता कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

वैद्यकीय सेवेची अडचण जेवढी डॉक्टरांची आहे, तेवढीच ती बाहेर नेण्याच्या व्यवस्थेचीही आहे. जे. जे. रुग्णालय इतके जवळ असणे हे भायखळ्याचे मोठे भाग्य. राज्यातल्या फार थोड्या कारागृहांना अशी सोय आहे. परंतु बंदिनीला रुग्णालयात न्यायचे तर पोलीस पथक लागते, आणि बंदोबस्त, सण, निवडणुका, मोर्चे यांच्या दिवसांत ते पथक मिळत नाही. मग तपासणीची तारीख पुढे जाते, औषध संपते, दुखणे वाढते. हीच कथा न्यायालयाच्या तारखांचीही आहे. पथक नाही म्हणून हजर केले नाही, हजर केले नाही म्हणून पुढची तारीख पडली, असे होत राहते. सप्टेंबर २०२१मध्ये या कारागृहात सुमारे चाळीस जणांना करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांत सहा मुले होती. बाधितांना जवळच्या शाळेत हलवण्यात आले आणि एका गरोदर बंदिनीला रुग्णालयात पाठवण्यात आले. प्रशासनाने तेव्हा चाचण्या आणि विलगीकरण तातडीने केले, त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. मात्र साथीच्या दुसऱ्या वर्षीही इतक्या दाटीत स्त्रिया आणि मुले राहत होती, याची जबाबदारी कारागृहाच्या अधीक्षकापेक्षा खूप वर जाते.

मुलांच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण बाहेरच्या अनेकांना इथे मुले राहतात हेच ठाऊक नसते. कायद्यानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर कारागृहात राहू शकते. २०२२च्या अखेरीस देशात अशा १,५३७ माता आणि त्यांची १,७६४ मुले होती. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आईबरोबर आहे म्हणून मुलाला न्यायाधीन वा सिद्धदोष बंद्यासारखे वागवता येणार नाही. त्याला अन्न, निवारा, वैद्यकीय मदत, कपडे, शिक्षण आणि खेळ यांचा हक्क आहे. बाळंतपण शक्यतो कारागृहाबाहेरच्या रुग्णालयात व्हावे, जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृहाचा उल्लेख नसावा, पाळणाघर आणि बालवाडी असावी, असेही त्या निकालात आहे. भायखळ्यात बालवाडीचे काम स्वयंसेवी संस्थांच्या हातभाराने होत आले आहे, आणि माझ्या मते ती या कारागृहाची सर्वांत जमेची बाजू आहे. तिथल्या शिक्षिका आणि कार्यकर्त्या फार मोलाचे काम करत आहेत.

तरीही निकालातल्या ओळी आणि मुलाचा प्रत्यक्ष दिवस यांत अंतर पडते. दाट बराकीत रात्री झोपणारे मूल आईच्या चटईवरच झोपते. त्याच्यासाठी वेगळी जागा मोजलेली नसते. त्याच्या वाट्याचे दूध आणि अंडे वेळेवर येते की नाही, याची खातरजमा आईने करायची आणि आईने तक्रार केली तर तिचेच नाव वाईट होण्याची भीती. सहा वर्षे पूर्ण झाली की मुलाला नातेवाइकांकडे किंवा बालगृहात पाठवावे लागते. हा दिवस आईला आधीपासून माहीत असतो. अशा वेळी आईला आणि मुलाला तयार करणारी, पुढच्या भेटी ठरवून देणारी समाजकार्यकर्ती तिथे असणे, हे डॉक्टर असण्याइतकेच आवश्यक आहे. रॉय समितीच्या अहवालात एक नोंद आहे की, गज किंवा काच मध्ये न येता आईला मुलांना भेटू देणारी कारागृहे गोवा, दिल्ली आणि पुदुच्चेरी इथेच आढळली. महाराष्ट्रात ‘गळाभेट’ नावाचा कार्यक्रम अनेक कारागृहांत होतो आणि त्यात मुलांना आईवडिलांना प्रत्यक्ष भेटता येते, मांडीवर बसता येते. हा उपक्रम सुंदर आहे. पण तो कार्यक्रम म्हणून राहता कामा नये. शेजारचे गोवा जे नेहमी करू शकते, ते आपल्याला ठरावीक दिवशी मंडप घालून का करावे लागते, याचे उत्तर विभागाने द्यावे.

आता या परीक्षणातील सर्वांत जड भागाकडे येते. २३ जून २०१७ रोजी मंजुळा शेट्ये या बंदिनीचा मृत्यू झाला. त्या जन्मठेप भोगत होत्या, चांगल्या वर्तणुकीमुळे त्यांना वॉर्डर नेमले होते आणि काही काळापूर्वीच त्यांना येरवड्याहून भायखळ्यात आणले होते. सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, यावरून झालेल्या वादानंतर कारागृहातील महिला अधिकारी व कर्मचाऱ्यांनी त्यांना अमानुष मारहाण केली, असे प्रत्यक्षदर्शी बंदिनींनी सांगितले. दुसऱ्या दिवशी बराकींमध्ये उद्रेक झाला, बंदिनी छतावर चढल्या, आणि त्यांच्यापैकी मोठ्या संख्येने स्त्रियांवर दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. नागपाडा पोलीस ठाण्यात खुनाचा गुन्हा दाखल होऊन सहा कर्मचाऱ्यांना निलंबित व अटक करण्यात आली आणि तपास गुन्हे शाखेकडे गेला. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचे आहे, म्हणून त्याविषयी मी मत देत नाही. मला बोलायचे आहे ते त्या व्यवस्थेबद्दल, जिच्यात एका बाईला मारहाण झाल्यावर ती तिच्या मृत्यूपर्यंत बाहेर कोणालाही कळली नाही.

कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी कायद्याने बंधनकारक आहे. तक्रारपेटी असते, कारागृहाला भेट देऊन पाहणी करणारे अभ्यागत मंडळ असते, जिल्हा न्यायाधीशांच्या भेटी असतात. कागदावर दाद मागण्याचे मार्ग पुरेसे आहेत. पण तक्रार लिहायला कागद कोणाकडून मागायचा, पेटीची किल्ली कोणाकडे असते, न्यायाधीश येणार हे किती आधी कळते आणि ते निघून गेल्यावर संध्याकाळी त्याच बराकीत, त्याच अधिकाऱ्यांच्या ताब्यात कोण राहणार, हे चार प्रश्न विचारले की त्या मार्गांची खरी लांबी समजते. तक्रारीला आवाराबाहेर पडण्यासाठी ज्यांच्याविरुद्ध ती आहे त्यांच्याच हातांतून जावे लागत असेल, तर तिच्यावर कोणी भरवसा ठेवणार नाही. याच कारणाने मी दाद मागण्याच्या व्यवस्थेला जागा, पाणी आणि अन्न यांच्यापेक्षाही वरचे महत्त्व देते. अंडी-पाव कमी येणे ही साधी व्यवस्थापकीय चूक आहे. तिची नोंद करून भरपाई मागण्याची निर्भय सोय असती, तर तो वाद तिथेच मिटला असता.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरणही मुंबईनेच घालून दिले आहे. पत्रकार शीला बारसे यांनी बॉम्बे सेंट्रल जेलमधील पंधरा स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल दिला. स्त्री-संशयितांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवणे आणि शहरातील कोठड्यांना सत्र न्यायाधीशाची अचानक भेट, असे निर्देश त्यात होते. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला कारागृहात जाऊन स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेण्यास न्यायालयानेच सांगितले होते. चार दशकांपूर्वी दाखवलेली ही रीत आजही सर्वांत परिणामकारक आहे, असे माझे ठाम मत आहे. बाहेरची, कारागृह विभागाच्या पगारावर नसलेली व्यक्ती, न सांगता आत जाणे आणि बंदिनीशी एकांतात बोलणे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०पासून मुंबईतल्या कारागृहांत काम करत आहे, आणि ज्या ज्या ठिकाणी असे कार्यकर्ते नियमित पोहोचले तिथे जामीन, घरच्यांशी संपर्क आणि सुटकेनंतरचा निवारा यांबाबत मोठा फरक पडला आहे. शासनाने या कामाकडे उपकार म्हणून न पाहता प्रत्येक महिला कारागृहात अशा समाजकार्यकर्त्यांची पदे निर्माण केली पाहिजेत.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. रिक्त पदे, लांबणाऱ्या पाळ्या आणि क्षमतेहून अधिक बंदिनी यांचा भार खालच्या श्रेणीतल्या महिला शिपायांवर पडतो. त्यांतील अनेकजणी बंदिनींच्या मुलांना जीव लावतात, दुखणाईत बाईसाठी धावपळ करतात, हे सुटून आलेल्या स्त्रियाही सांगतात. प्रशिक्षण आणि विश्रांती न देता अशा ठिकाणी माणसांना वर्षानुवर्षे नेमायचे आणि काही विपरीत घडले की त्यांच्यापुरताच विचार करायचा, ही पद्धत बदलायला हवी.

काम आणि शिक्षणाच्या बाबतीत येरवड्याशी तुलना केली तर भायखळा मागे पडते. येरवड्यात २०१०पासून महिलांसाठी खुले कारागृह आहे. बंदींना कुटुंबासाठी कर्ज देणारी ‘जिव्हाळा’ योजना राज्य सहकारी बँकेच्या मदतीने १ मे २०२२ रोजी येरवड्यातच सुरू झाली. भायखळ्यात मुख्यतः न्यायाधीन बंदिनी असल्याने त्यांना सक्तीचे काम नसते, आणि त्यामुळे कमाईही नसते. दिवसच्या दिवस काही न करता पुढच्या तारखेची वाट पाहणे हीच अनेकींची दिनचर्या होते. शिवणकाम, सौंदर्यप्रसाधन किंवा संगणकाचे वर्ग अधूनमधून भरतात, ही चांगली गोष्ट आहे; परंतु इच्छा असलेल्या प्रत्येक न्यायाधीन बंदिनीला मोबदल्यासह काम मिळायला हवे. घरच्यांना भेटीसाठी ई-मुलाकात या संकेतस्थळावरून वेळ घेता येते आणि दृक्‌श्राव्य भेटीही होतात. लांबच्या गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांना याचा खरोखर उपयोग झाला आहे.

गर्दीचे मूळ मात्र कारागृहाच्या भिंतीबाहेर आहे. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतील अनेक बंदी तात्पुरत्या जामिनावर सुटले. गर्दी कमी करणे शक्य आहे, आणि ते ठरवले तर काही आठवड्यांत होते, हे तेव्हा सर्वांना दिसले. एरवी जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही म्हणून स्त्रिया आत राहतात. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण अटकेनंतर सासर आणि माहेर दोन्ही पाठ फिरवतात आणि तिच्या नावावर घर वा जमीन क्वचितच असते. केंद्र सरकारची २०२३ची गरीब बंद्यांसाठीची मदत योजना जामिनाची किंवा दंडाची रक्कम भरण्यासाठी साहाय्य देते. भायखळ्यातील प्रत्येक पात्र बंदिनीचा अर्ज या योजनेखाली गेला आहे की नाही, हे या कारागृहाच्या कामगिरीचे पहिले मोजमाप असायला हवे.

कोणाच्या घरातील बाईला भायखळ्यात पाठवले असेल, तर त्यांनी दोन गोष्टी तातडीने कराव्यात असे मी सुचवेन. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया आणि कोठडीतील व्यक्ती या दोघांनाही मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट त्यांना लागू नाही. म्हणजे भायखळ्यातली प्रत्येक बंदिनी दुहेरी पात्र आहे, आणि त्यासाठीचा अर्ज कारागृहातूनही करता येतो. दुसरी गोष्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमाची. देहदंड वा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि आधी कधी दोष सिद्ध झाला नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंदिनीला सोडावे असे हे कलम सांगते. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यास मात्र हा लाभ मिळत नाही. हा काळ पूर्ण होताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने कारागृह अधीक्षकावरच टाकली आहे. अटकेची तारीख आणि लावलेली कलमे एका कागदावर लिहून ठेवावीत, वकिलाकडून तो दिवस काढून घ्यावा आणि त्या दिवशी अधीक्षकांच्या कार्यालयाला अर्ज केला का, असे लेखी विचारावे. अशा किती अर्जांचे काय झाले, हा आकडा विभागाने कारागृहाच्या दर्शनी फलकावर दर महिन्याला लावावा.